अर्धी घोंगडी

१५ नोव्हेंबर २०२३, बुधवार. चाकूर

डॉक्टर सुदर्शननी टीममधल्या पाचही जणांना एकेक वही दिली आणि रोज चार ओळी लिहा म्हणाले. तेहतीस वर्षं नर्सबाई म्हणून लसीकरणाची रजिस्टरं भरली, पण स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की हात अडतो. तरी लिहिते. मी गीतांजली. वय अठ्ठावन्न, गेल्या वर्षी निवृत्त. उद्या नांदेडहून गाडी धरून नेपाळला निघायचं आहे. तिकडं या महिन्याच्या सुरुवातीला भूकंप झाला, माणसं डोंगरात ताडपत्रीखाली थंडीत पडली आहेत. लातूरची आमची टीम औषधं घेऊन पंधरा दिवस तिथं राहणार. पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं कार्ड चालतं, हे ऐकल्यावर मला निम्मं अंतर कमी झाल्यासारखं वाटलं.

का चालले, असं सगळे विचारतात. त्र्याण्णव साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवीन होते. कुठून कुठून माणसं आली होती. एका गोऱ्या बाईनं मला डबाबंद मासे दिले. ते आमच्यात कुणीच खाल्ले नाहीत, पण तिनं माझ्या पाठीवर ठेवलेला हात अजून आठवतो. तेवढं परत करून यावं असं वाटतं.

घोर एकच आहे, सासूबाईंचा. साखराबाई, ऐंशीच्या पुढच्या. चैत्रात हे गेले, बसल्या जागी, छातीत कळ येऊन. तेव्हापासून म्हातारीनं जेवण टाकल्यातच जमा आहे. चतकोर भाकरी, तीही मी समोर बसून, हाताला धरून, "आई, दोन घास खा, लेकाची शपथ" असं दहादा म्हटल्यावर. सात महिने मी दिवसातून दोनदा हेच करते आहे. माझा घसा बसला आणि त्यांचं वजन उतरलं. मी नसताना नणंद कावेरीताई हदगावहून येऊन राहणार. ताई स्वभावानं घुमी, दिवसात दहा शब्द बोलली तर पुष्कळ. ती कशाची आग्रह करते? मी तिला कागदावर सगळं लिहून दिलं आहे.

बॅग भरताना सासूबाई बाजेवरून बघत होत्या. म्हणाल्या, "जा बाई. तिकडल्या लोकायला तुझं बोलणं कळायचं न्हाई. त्यांचं बरं हाय."

मी हसले नाही. सगळ्यात वर ह्यांची घोंगडी ठेवली. शेतावर जागलीला जाताना खांद्यावर टाकायचे ती. थंडी लई आहे म्हणतात तिकडं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. गाडीत

सचखंड एक्स्प्रेस. वाटेत एका स्टेशनावर शीख मंडळी लंगर घेऊन उभी होती. भांडं पुढं केलं की दाल, भाजी, फुलके. कोण, कुठली, भूक आहे का, काही विचारत नाहीत. मला ही रीत मनापासून पटते. विचारत बसलं की माणूस लाजेनं नको म्हणतो, आपण वाढून मोकळं व्हावं.

१९ नोव्हेंबर, रविवार. जाजरकोट जिल्हा

दिल्ली, मग रात्रभर बस, मग सरहद्द, मग जीप. कंबरेचं काम झालं. गावाचं नाव अजून माझ्या तोंडी नीट बसत नाही. डोंगराच्या उतरणीवर दगडमातीची घरं होती, आता दगडांचे ढीग आहेत, आणि त्यांच्या बाजूला निळ्या ताडपत्र्या. किल्लारीच आठवली. फक्त तिथं उकाडा आणि पाऊस होता, इथं हाडात शिरणारा गारठा.

दिवसभरात नव्वद पेशंट पाहिले. निम्म्यांना खोकला. पूर्णबहादुर नावाचा साठीचा माणूस आपल्या आईला पाठुंगळी घेऊन आला. पूर्वी बरीच वर्षं तो दिल्लीत वॉचमन होता, त्यामुळं हिंदी छान बोलतो. म्हणजे माझ्यापेक्षा छान. म्हातारीच्या छातीत घुरघुर होती. डॉक्टर म्हणाले, खाली दवाखान्यात न्यायला हवं. ती मानेनंच नको म्हणाली. जाताना तिनं माझा हात धरला तो सोडेना. वयानं सासूबाईंएवढीच.

२० नोव्हेंबर, सोमवार

म्हातारी पहाटे गेली. माणसं तिला नदीवर घेऊन गेली. मी रडले. पूर्णबहादुरच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही. अशी माणसं आतून कुढतात, तेहतीस वर्षांत शंभर पाहिलीत. त्याच्याकडं लक्ष ठेवायला हवं. त्याला स्वतःलाही बारीक खोकला आहे. मुलगा कतारला, घरात फक्त सून बिमला.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आपल्याकडं मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, पाहुणे भाकरी घेऊन जातात, जवळ बसतात, आणि दुःखातल्या माणसाला बळंच दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. इथं सगळ्यांचीच घरं पडलेली, कोण कुणाला नेणार? म्हटलं, मी आहे ना. पाच किलो ज्वारीचं पीठ आणलंय ते कशाला? चार भाकरी थापल्या, पिठलं केलं आणि दुपारी गेले.

पूर्णबहादुर ताडपत्रीपासून वेगळा, एका कोपऱ्यात बसला होता. डोकं भादरलेलं, अंगाला एकच पांढरं धडुतं, खाली पेंढा, पुढ्यात पान मांडलेलं. भोवती शेणानं सारवून घेतलेलं. मला रीत कळते, मी चप्पल बाहेर काढली आणि आत जाऊन शेजारी बसले. पाठीवर हात ठेवून म्हटलं, "दादा, रो लो. रोने से हलका होता."

तो एकदम ताठ झाला. मग उठला, मला हात जोडले आणि ओढ्याकडं उतरून गेला. माझ्यासमोर रडायला लाजला असेल. भाकरी तिथंच ठेवून आले.

२२ नोव्हेंबर, बुधवार

आज बघते तर पूर्णबहादुर तीन दगडांवर स्वतःचा भात स्वतः शिजवतोय. घरात धडधाकट सून, आणि म्हाताऱ्या सासऱ्यानं रांधायचं! बिमलेला मी चार शब्द सुनावले. खाली मान घालून गप्प उभी राहिली. तिला हिंदी समजत असूनही अशी वागते म्हणजे काय म्हणायचं.

तो पानावर भात घेऊन बसला. दोनच घास गेले असतील, मी लांबूनच हाक मारली, "दादा, नुसता भात काय खाता, हे पिठलं घ्या!" तर त्यानं लगेच पान खाली ठेवलं आणि मला हात जोडले. पाहुणा दिसला की जेवणावरून उठणारा माणूस. संस्कार बघा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. भात मात्र पुन्हा तोंडात घातला नाही, गाईपुढं टाकला, आणि निघाला ओढ्याकडं. दुःखानं अन्न जात नाही गळ्याखाली. आमच्या सासूबाईंचं हेच.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

डोंगराच्या वरच्या अंगाला रेंज येते. फोन लावला. कावेरीताई म्हणाली, "आई बरी जेवून राहिली. काल एक भाकर खाल्ली."

"अख्खी?"

"हाव."

"कसं काय? काय केलंस तू?"

"काही न्हाई. ताट ठेवलं."

माझा विश्वास बसेना. ताईच्या हाताला चव असेल. किंवा सून घरातून गेल्याचा आनंद.

दुपारी पूर्णबहादुरकडं. आज मी ठरवूनच गेले होते. तो जेवायला बसला होता. मी समोर बसले, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, त्याचं मनगट धरलं आणि घास थेट ओठांपाशी नेला. "माँ की कसम, खाओ." त्यानं डोळे मिटून घेतले, कितीतरी वेळ. मग हलकेच मनगट सोडवून घेतलं आणि गेला ओढ्यावर. मी मागोमाग गेले तर चक्क डोक्यावरून आंघोळ करत होता. बर्फासारखं पाणी! कुडकुडत वर आला. खोकला वाढलाय. मी इतकी ओरडले की लोक जमा झाले. सगळे नुसते माझ्याकडं बघत राहिले.

या माणसाला जगायचं नाही असं दिसतंय. उद्यापासून दोनदा जाईन.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

कसं लिहू कळत नाही. तरी लिहिते, कारण हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहून काय उपयोग.

सकाळी कळलं, पूर्णबहादुरला ताप आहे. थर्मामीटर घेऊन धावत गेले. वाटेत बिमला उभी राहिली, दोन्ही हात पसरून. रडत होती. म्हणाली, "दिदी, आत जाऊ नका. तुमच्या पाया पडते."

मग तिनं सांगितलं. इथं आईबाप गेले की मुलगा तेरा दिवस किरियाला बसतो. त्या दिवसांत त्याला कुणी शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा आंघोळ. दिवसाला एकदाच जेवायचं, स्वतः शिजवून, बिनमिठाचं. आणि जेवताना कुणाचा आवाज कानावर पडला, अगदी कुत्रं भुंकलं, तरी पान सोडायचं. मग जेवण थेट दुसऱ्या दिवशी.

मी हिशोब लावला. तीन दिवस. तिन्ही दिवस मी बरोबर त्याच्या जेवणाच्या वेळी गेले. तिन्ही दिवस बोलले, तिन्ही दिवस शिवले. त्या माणसाच्या पोटात तीन दिवसांत चार घास गेले असतील, आणि तीन वेळा तो माझ्यामुळं त्या ओढ्यात उतरला.

"मग सांगितलं का नाही गं मला? एकानं तरी?"

बिमला म्हणाली, "मी निघाले होते सांगायला. बांनी, सासऱ्यांनी, अडवलं. म्हणाले, त्या दिदीच्या घरी पण कुणीतरी गेलंय. तिला कुणाला तरी जेवू घालायचंय. करू दे."

मी तिथंच दगडावर बसले. मला काय झालंय? मी तर मदतीला आलेली आहे. मी त्याला ह्यांच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

दुपारी डॉक्टर सुदर्शन आले. पूर्णबहादुर आत, ते बाहेर, शेणाच्या सारवणापलीकडं. श्वास मोजला, मिनिटाला तीस. निमोनियाच दिसतोय, उचलून खाली न्यायला हवं, म्हणाले. पूर्णबहादुर पेंढ्यावरून मान हलवत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "दिदी, तीन दिवस तुमचा मान ठेवला. आता आमाचा, माझ्या आईचा, ठेवू द्या."

२५ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेपासून पुरोहिताच्या मागं लागले. वर राहतात, त्यांचंही घर पडलंय. मी हात जोडून एकेक गोष्ट विचारली. औषध चालेल? चालेल, औषधाला दोष नाही. गरम पाण्यानं आंघोळ? चालेल, शास्त्रात पाणी गार हवं असं कुठं लिहिलंय, म्हणाले. गरम पाण्याची गोष्ट इतकी सोपी होती, आणि मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळली असती. मदतीचं ब्लँकेट? नाही, ते शिवलेलं आणि कसल्या धाग्याचं कोण जाणे. मग पांघरायला काय चालेल? लोकर चालेल. शिवण नको.

लोकर म्हटल्यावर मला आठवलं. घोंगडी काढली. तर ती दोन पट्ट्यांची, मधोमध शिवलेली. आपल्याकडं घोंगडी अशीच असते. ह्यांनी ती शिवण दोनदा पुन्हा घालून घेतली होती, दुसऱ्यांदा सासूबाईंच्या हातची. मी सुईच्या टोकानं एकेक टाका उसवत बसले. तासभर लागला. पुरोहितांनी एक पट्टी उलटसुलट करून पाहिली, मान डोलावली. ती त्याला पांघरायला दिली, दुसरी बॅगेत ठेवली.

औषधाच्या गोळ्या पानावर ठेवून सारवणाच्या कडेला ठेवल्या आणि दहा पावलं मागं सरले. त्यानं उचलल्या, घेतल्या. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र तसंच ठेवलं. ते त्यानं स्वतः लावलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. शहाऐंशी. डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मावशी, मंगळवारपर्यंत बघतो. हा आकडा खाली गेला तर मी रीतभात बघणार नाही, उचलून नेईन."

नेलं तर तो जगेल, पण आईची किरिया मोडल्याचं घेऊन जगेल. नाही नेलं तर कदाचित जगणारच नाही. आणि दोन्हीचं कारण मी.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज मी राखण केली. त्याची जेवणाची वेळ झाली की वाटेवर पन्नास पावलं खाली जाऊन बसले, हातात काठी. दोन कुत्री हाकलली. मदतीचं सामान आणणारा ट्रक हॉर्न वाजवणार तेवढ्यात हातवारे करून थांबवला. गप्पा मारत येणाऱ्या बायकांना तोंडावर बोट ठेवून परत वळवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. तीन दिवस कोकलत फिरणारी हीच बाई म्हणून.

मी आयुष्यात पहिल्यांदा जागेपणी अर्धा तास तोंड मिटून बसले असेन. सुरुवातीला जीभ वळवळत होती. मग ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला, मग पानावर भात सावडल्याचासुद्धा. तो आवाज थांबेपर्यंत मी श्वास धरून होते.

वर गेले. पान रिकामं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच काठी टाकून बसले. आकडा मात्र पंच्याऐंशी.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहायला धीर झाला नाही. काल चौऱ्याऐंशी होता. सकाळपासून जीप सांगून ठेवलेली. डॉक्टरांनी चार माणसं बोलावली. मी पूर्णबहादुरकडं बघू शकत नव्हते. देवाला एकच म्हटलं, माझ्या चुकीची सजा याला देऊ नको, त्याच्या आईला तर नकोच.

आठला त्यानं यंत्र लावलं. मी लांबून ओरडले, "कितना?" तर म्हणाला, "दिदी, अठ्ठ्याऐंशी."

डॉक्टरांना खरं वाटेना. पुन्हा लावायला लावलं, बोट चोळून, दुसऱ्या हाताला. एकोणनव्वद. श्वास चोवीसवर आला होता, ताप उतरलेला. डॉक्टरांनी हातानंच जीपवाल्याला जा म्हणून खुणावलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागले. हा माणूस त्र्याण्णवला सहा वर्षांचा होता, त्यानंही आई त्याच रात्री गमावली, हे मला आज पहिल्यांदा त्यानंच सांगितलं.

दुपारी राखण केली. पान रिकामं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

ब्याण्णव. आता त्याच्या जेवणाची वेळ सगळ्या गावाला माझ्यामुळं माहीत झालीये. बारा वाजले की लोक आपणहून गप्प होतात, आणि बिमला मला खूण करते: "दिदी, ड्यूटी."

कावेरीताईचा फोन. आई दोन्ही वेळ जेवते. मी विचारलं, "तू शेजारी बसतेस का?" म्हणाली, "बसते. मी माझं निवडते, टिपते. ती तिचं खाते."

२ डिसेंबर, शनिवार

तेरावा दिवस. सकाळपासून पूजा, मंत्र, गाईला चारा. आम्ही सगळ्यांनी लांब बसून पाहिलं. दुपारी पूर्णबहादुर शुद्ध झाला. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरे कपडे. वर्षभर पांढरंच घालणार म्हणे. पंगत बसली, सगळ्यांना मीठ घातलेलं जेवण. मला वाटलं तोही तिथंच जेवेल.

तर तो थेट आमच्या तंबूशी आला. अजून चालताना धाप लागते. म्हणाला, "दिदी, ती तुमची भाकरी. आणि ते पिवळं."

मी इतकी गडबडले की पिठल्यात मीठ दोनदा पडलं असेल. त्यानं खाल्लं. दोन भाकरी. खारट आहे का विचारलं तर म्हणाला, "तेरा दिवसांनी मीठ लागतंय, मला काही कळत नाही." सगळे हसले. मग पाणी प्याला, हात पुसला आणि स्वतःहून माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या दिवसांत मी त्याला शिवू नये म्हणून जीव मुठीत धरून होते. तो म्हणाला, "आता सांगा. तुमचं कोण गेलं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. हमसून हमसून, पोटातून. तो खा म्हणाला नाही, गप्प व्हा म्हणाला नाही. हात तेवढा धरून ठेवला. चैत्रापासून मी रडलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मयताच्या दिवशीसुद्धा मी आल्यागेल्याला चहा, सासूबाईंच्या गोळ्या, यातच होते. मग सात महिने त्यांना घास भरवत होते. इकडं येऊनही म्हातारीसाठी रडले, ह्यांच्यासाठी नाही.

रडून झाल्यावर फार हलकं वाटलं. बिमलेनं चहा दिला. मीठ घातलेला. इथं घालतात म्हणे कुठं कुठं, किंवा माझी गंमत केली असेल.

४ डिसेंबर, सोमवार

निघालो. जीपपाशी सगळं गाव. पूर्णबहादुरनं घोंगडीची पट्टी घडी घालून पुढं केली. मी म्हटलं, ठेवा, अजून थंडी सरायची आहे. तो म्हणाला, "ज्यांची आहे त्यांना चालेल?" मी म्हटलं, "त्यांना विचारायला लागत नाही. ते कुणालाही द्यायचे." हे बोलताना मला रडू आलं नाही.

ऑक्सिजन पंच्याण्णव. लिहून ठेवते.

८ डिसेंबर, शुक्रवार. चाकूर

नांदेडहून एसटीनं दुपारी घरी. सासूबाई बाजेवर उन्हात बसल्या होत्या. गाल जरा भरलेत. मी पाया पडले, बॅग ठेवली आणि काही न बोलता शेजारी बसले. सांगायचं खूप होतं, पण पन्नास पावलं खाली बसायची सवय लागली आहे.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कावेरीताईला म्हणाल्या, "हिला काय झालं गं? बोलून न्हाई राहिली."

मी बॅगेतून घोंगडीची पट्टी काढून त्यांच्या पायांवर टाकली. त्यांनी लोकरीवरून हात फिरवला, कडेला उसवलेल्या टाक्यांवर बोट थांबलं. त्यांचेच टाके ते.

"दुसरी पट्टी कुठं हाय?"

मग मी सांगितलं. सगळं, पहिल्या भाकरीपासून. कसं उपाशी ठेवलं, कसं ओढ्यात घातलं, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी, काठी घेऊन राखण. काही लपवलं नाही. माझं झाल्यावरही त्या पट्टीवर हात फिरवत होत्या.

"मायसाठी बसला होता म्हन तो?"

"हाव."

"जेवला का मग?"

"जेवला. दोन भाकरी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी घोंगडीलाच पुसलं. "माझं लेकरू असतं तर माझ्यासाठी असंच बसलं असतं."

मी त्यांचा हात धरणार होते, धरला नाही. ऊन बाजेवरून भिंतीवर सरकलं. कावेरीताई आत भाकरी थापत होती, तेवढाच आवाज.

"वाढ मला," सासूबाई म्हणाल्या. "तू बी घे."

मी दोन ताटं वाढून आणली आणि शेजारी बसून गुपचूप जेवले.